कॅन्सरची औषधे आणि घरचा काढा

श्रीरामपूर तालुक्यातील एका वाचकांचे पत्र आले आहे. त्यांच्या आईंना स्तनाचा कॅन्सर झाला होता. शस्त्रक्रिया झाली, केमोथेरपी झाली आणि आता टॅमॉक्सिफेनची गोळी रोज एक याप्रमाणे काही वर्षे घ्यायची आहे. मध्यंतरी मामांनी हळद व काळ्या मिरीच्या अर्काच्या कॅप्सूल आणून दिल्या. शेजारच्या काकू रोज सकाळी गुळवेलीचा काढा करून पाठवतात. आईंना त्याने हुशारी वाटते. वाचकांचे म्हणणे असे की, हे सर्व आयुर्वेदिकच आहे, त्याने अपाय तर होणार नाही. उलट डॉक्टरांना सांगितले तर ते रागावतील. तेव्हा न सांगता चालू ठेवले तर चालेल का?

याचे उत्तर एका वाक्यात द्यायचे तर, न सांगता चालू ठेवू नये. पण नुसते ‘नको’ म्हटल्याने कोणाचे समाधान होत नाही. म्हणून आज कारणे समजावून घेऊ.

हा प्रश्न एका घरापुरता नाही. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील कॅन्सरचे बरेच रुग्ण उपचारासाठी दूर जातात. अकोले-संगमनेरकडील मंडळी नाशिकला जातात, जामखेडकडील बार्शीला, पारनेर-श्रीगोंद्याकडील पुण्याला, तर कोणी थेट मुंबईच्या टाटा रुग्णालयात. केमोथेरपीची फेरी बहुधा तीन आठवड्यांनी असते. म्हणजे कॅन्सरचे डॉक्टर रुग्णाला एक दिवस पाहतात आणि मधले वीस दिवस तो घरी असतो. या वीस दिवसांत भेटायला येणारा प्रत्येक जण काहीतरी उपाय सुचवून जातो. कोणी गव्हांकुराचा रस सांगतो, कोणी गोमूत्र अर्क, कोणी आठवडे बाजारात पाल ठोकून बसलेल्या माणसाकडची पुडी. सांगणाऱ्याच्या मनात माया असते, घरच्यांना ‘आपण काहीतरी केले’ याचे समाधान असते. त्यामुळे नाही म्हणणे जड जाते. आणि डॉक्टरांच्या कागदावर यातले काहीच नसते.

झाडपाला निरुपद्रवी असतो का?

‘गुण नाही आला तरी अवगुण येणार नाही’ असे झाडपाल्याच्या औषधाबद्दल सर्रास म्हटले जाते. हे कितपत खरे आहे ते आपल्या अंगणातील सदाफुलीलाच विचारू.

मधुमेहावर सदाफुलीची पाने-फुले चघळणारे लोक गावोगावी आढळतात. ही समजूत इतर अनेक देशांतही आहे. तिची परीक्षा घ्यावी म्हणून कॅनडातील रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर या संशोधकांनी १९५० च्या दशकात सदाफुलीचा अर्क प्रयोगशाळेतील उंदरांना दिला. साखरेवर म्हणावा तसा परिणाम दिसला नाही. मात्र उंदरांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या आणि ते जंतुसंसर्गाने मरू लागले. पांढऱ्या पेशी घटवणारे हे द्रव्य रक्ताच्या कॅन्सरवर चालेल, हे त्यांच्या लक्षात आले. १९५८ मध्ये विनब्लास्टिन जगापुढे आले आणि पाठोपाठ विनक्रिस्टिन. विनक्रिस्टिन आजही मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये वापरतात. मोठ्या माणसालाही ते एका वेळी साधारणतः २ मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत, इतके ते जहाल आहे.

दुसरे उदाहरण सह्याद्रीतील नरक्या या झाडाचे. त्यात कॅम्प्टोथेसिन नावाचे द्रव्य असते. हे द्रव्य प्रथम एका चिनी झाडातून १९६६ मध्ये वेगळे केले, ते अमेरिकेतील मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी. वाणी यांचा जन्म १९२५ सालचा, आपल्या नंदुरबारचा. पुढे १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन या भारतीय शास्त्रज्ञांना तेच द्रव्य नरक्यात सापडले. त्याच्यावर प्रक्रिया करून इरिनोटेकॅन आणि टोपोटेकॅन ही कॅन्सरवरील औषधे तयार होतात. वॉल आणि वाणी यांनीच १९७१ मध्ये एका वृक्षाच्या सालीतील टॅक्सॉलची रचना उलगडली. पॅक्लिटॅक्सेल या नावाने ते आज आपल्याकडील हजारो रुग्णांना मिळते.

सांगायचा मुद्दा हा की, केमोथेरपीतील कित्येक औषधे मुळात झाडपाल्याचीच आहेत. वनस्पतीत जर कॅन्सर मारण्याइतके बळ असू शकते, तर दुसऱ्या औषधाच्या कामात ढवळाढवळ करण्याइतके बळही असू शकते. औषध रानातून आले की कारखान्यातून आले, हा भेद आपले शरीर करीत नाही.

गव्हाण एक आणि गाड्या अनेक

ही ढवळाढवळ कशी होते? ऊसपट्ट्यातील वाचकांना ती लवकर समजेल.

पोटात घेतलेले औषध आतड्यातून रक्तात येते आणि यकृताकडे जाते. यकृतात विकरे असतात, त्यांना एन्झाइम म्हणतात. त्यांचे काम साखर कारखान्याच्या गव्हाणीसारखे समजा. आलेला ऊस तेथे पडतो आणि गाळला जातो. सीवायपी-३ए४ या नावाचे एकच विकर बाजारातील फार मोठ्या संख्येने औषधे गाळते. त्यात कॅन्सरची अनेक औषधे येतात. वनस्पतींतील काही द्रव्येही त्याच गव्हाणीकडे येतात.

आता तीन गोष्टी घडू शकतात.

पहिली, वनस्पतीच्या द्रव्याने गव्हाण अडवली. मग कॅन्सरचे औषध गाळले न जाता रक्तात साचत राहते. मात्रा तीच, पण शरीराला ती दीडपट-दुप्पट असल्यासारखी लागते. उलट्या, तोंड येणे, पांढऱ्या पेशी घटणे हे सर्व वाढते.

दुसरी, वनस्पतीच्या द्रव्याने कारखान्याची गाळपक्षमताच वाढवली. मग औषध वेळेआधी गाळले जाऊन संपते. गोळी पोटात जाते, पैसे खर्च होतात, पण कॅन्सरपर्यंत पुरेसे औषध पोहोचतच नाही.

तिसरी गोष्ट जरा वेगळी आहे. काही औषधे अशी असतात की ती गाळली गेल्यावरच कामाची होतात, जशी उसाची साखर गाळपानंतरच मिळते. टॅमॉक्सिफेन हे असे औषध आहे. यकृतात त्याचे एन्डॉक्सिफेन तयार होते आणि खरे काम बरेचसे तेच करते. येथे गाळपात बिघाड झाला तर साखरच कमी पडते.

डोकेदुखीच्या गोळीत थोडे कमीजास्त झाले तर फारसे बिघडत नाही. कॅन्सरच्या औषधांत मात्र ‘पुरेसे’ आणि ‘घातक’ या दोहोंमधील अंतर फार थोडे असते. म्हणून तर रुग्णाचे वजन-उंची पाहून, रक्त तपासून मात्रा ठरवतात.

पाहिलेले पुरावे

हे केवळ तर्क नव्हेत. नेदरलँड्समधील संशोधकांनी २००२ मध्ये इरिनोटेकॅन घेणाऱ्या पाच रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना काही दिवस सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती दिली. युरोप-अमेरिकेत उदासीनतेवर ती विनाचिठ्ठी मिळते. ती घेत असताना इरिनोटेकॅनच्या कार्यकारी द्रव्याचे रक्तातील प्रमाण ४२ टक्क्यांनी घटले. २००४ मध्ये इमॅटिनिब या रक्ताच्या कॅन्सरवरील गोळीबाबतही असेच दिसले. याच वनस्पतीमुळे रक्तातील इमॅटिनिब सुमारे तीस टक्क्यांनी कमी झाले.

ही विलायती वनस्पती आपल्या खेड्यांत कोणी घेत नाही, असे वाचक म्हणतील. मग आपल्या हळदीकडे वळू. रॉटरडॅम येथील डॉक्टरांनी २०१९ मध्ये टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या १६ स्त्रियांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना हळदीतील कर्क्युमिन १२०० मिलिग्रॅम दिवसातून तीन वेळा देण्यात आले. एन्डॉक्सिफेन जवळजवळ ८ टक्क्यांनी घटले. त्यासोबत मिरीतील पायपरीन दिल्यावर ही घट १२ टक्क्यांच्या वर गेली. हे सरासरी आकडे आहेत. ज्यांच्या रक्तात एन्डॉक्सिफेन आधीच काठावर असते, त्यांना एवढी घटही महागात पडू शकते.

मिरीचे सामर्थ्य तर भारतीय शास्त्रज्ञांनीच सिद्ध केले आहे. जम्मू येथील सरकारी प्रयोगशाळेच्या संशोधनातून क्षयरोगावर एक गोळी तयार झाली. तिच्यात १० मिलिग्रॅम पायपरीन घातल्यामुळे रिफाम्पिसिनची मात्रा ४५० वरून २०० मिलिग्रॅमवर आणता आली. म्हणजे चिमूटभर मिरीच्या अर्काने दुसऱ्या औषधाचे बळ दुपटीहून अधिक वाढवले. क्षयरोगाच्या गोळीत हे हिशेब करून केलेले आहे, म्हणून ते उपकारक ठरते. केमोथेरपी चालू असताना कोणालाही न सांगता त्रिकटूचे किंवा पिंपळी-मिरीचे चूर्ण रोज घेणे म्हणजे हाच प्रयोग हिशेबाशिवाय करणे होय.

फळांपैकी ग्रेपफ्रूट ही गव्हाण अडवते. म्हणून निलोटिनिबसारख्या गोळ्यांच्या माहितीपत्रकात ते टाळण्याची सूचना छापलेली असते. आपल्याकडील पपनस त्याच कुळातील आणि त्यातही तशीच द्रव्ये असतात. अशी गोळी चालू असेल तर पपनस खाण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

‘औषध आणि काढा यांत दोन तासांचे अंतर ठेवले की झाले’ असाही एक समज आहे. इसबगोलासारख्या वस्तूबाबत तो काही अंशी खरा आहे, कारण ती गोळीचे शोषण पोटात अडवते. पण यकृतातील गाळपाचा बदल काही दिवस, कधी आठवडा-दोन आठवडेही टिकतो. तेथे दोन तासांच्या अंतराने काही साधत नाही.

बरे वाटणे आणि बरे होणे

पत्रातील एक वाक्य मला महत्त्वाचे वाटते. आईंना काढ्याने हुशारी वाटते, असे वाचक लिहितात. बहुतेक घरांत पुडी किंवा काढा चालू ठेवण्याचे हेच कारण असते.

नेदरलँड्समधील ज्या अभ्यासाचा उल्लेख वर केला, त्यातील एक निरीक्षण येथे लक्षात घ्यावे. सेंट जॉन्स वर्ट चालू असताना रुग्णांच्या पांढऱ्या पेशी कमी प्रमाणात घटल्या. घरच्या माणसाने हे पाहिले असते तर तो म्हणाला असता, ‘पाहा, झाडपाल्याने केमोचा त्रास कमी झाला.’ खरे कारण असे होते की, औषधच अंगात कमी पोहोचत होते.

कॅनडातील क्यूबेक प्रांतात डोके व मानेच्या भागातील कॅन्सर झालेल्या ५४० रुग्णांना किरणोपचार देताना त्यांच्यापैकी काहींना ई जीवनसत्त्व व बीटा-कॅरोटीनच्या पुरवणी गोळ्या दिल्या. हा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. गोळ्या घेणाऱ्या गटात किरणोपचाराचा त्रास थोडा सौम्य दिसला. पण कॅन्सर त्याच जागी परत येण्याचे प्रमाण त्याच गटात वाढण्याकडे कल दिसला. किरणांचे काम पेशींवर ऑक्सिजनचा मारा करून चालते. बाहेरून मोठ्या मात्रेत दिलेले मारा-रोधक द्रव्य चांगल्या पेशींबरोबर कॅन्सरच्या पेशींचेही रक्षण करू शकते. तंबाखू-मिसरीमुळे तोंडाच्या कॅन्सरचे रुग्ण आपल्याकडे भरपूर आहेत. ‘अँटिऑक्सिडंट’ असे छापलेल्या बाटल्या किरणोपचार चालू असताना आपणहून घेऊ नयेत, ते यासाठी. फळे-भाज्या खाण्यास मात्र यामुळे कोणतीच आडकाठी नाही.

थोडक्यात, त्रास कमी झाला म्हणजे औषध लागू पडले असे नव्हे, आणि त्रास होतो म्हणजे औषध वाईट असेही नव्हे. कॅन्सर हटतो आहे की नाही, हे तपासणीच सांगते.

एकाच बैलावर दोन जू

काही वेळा दोन औषधांची गाठ गव्हाणीपाशी पडत नाही, पण दोहोंचा भार एकाच अवयवावर येतो.

यकृत हे त्यातील पहिले. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृतास इजा झाल्याचे मुंबईतील डॉक्टरांनी पुढच्या वर्षी प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. गुळवेलीसारखी दिसणारी दुसरीच वेल त्या रुग्णांनी घेतली असावी, असे मंत्रालयाचे म्हणणे होते. हा वाद तज्ज्ञांनी मिटवावा. पण रुग्णाच्या दृष्टीने दोन्ही शक्यतांचा अर्थ एकच होतो: बांधावरून तोडून आणलेली वेल नेमकी कोणती आणि ती आपल्या यकृताला मानवते की नाही, हे घरी कळत नाही. अश्वगंधेमुळे यकृतास इजा झाल्याच्या नोंदीही अनेक देशांतून आल्या आहेत. केमोथेरपीच्या रुग्णाचे यकृत आधीच कामाखाली असते. त्यात अशी इजा झाली आणि डॉक्टरांना काढ्याचा पत्ता नसला, तर त्यांचा संशय केमोवर जातो. मग ज्या औषधाने जीव वाचायचा तेच पुढे ढकलले जाते किंवा कमी केले जाते. गुन्हा एकाचा आणि शिक्षा दुसऱ्याला, असे होते.

दुसरा भार रक्तस्रावाचा. केमोथेरपीत प्लेटलेट घटतात. अशा वेळी लसणाच्या अर्काच्या, जिन्कोच्या किंवा हळदीच्या अर्काच्या गोळ्या रक्त गोठण्याची क्रिया आणखी मंद करू शकतात. रुग्ण रक्त पातळ करणारी गोळीही घेत असेल, तर धोका अधिक.

तिसरा भार क्षारांचा. सिस्प्लॅटिनमुळे शरीरातील पोटॅशियम व मॅग्नेशियम कमी होते. घसा सोलवटला म्हणून रुग्ण ज्येष्ठमध चघळत राहतो. ज्येष्ठमधही रोज बरेच दिवस घेतल्यास पोटॅशियम उतरवते आणि रक्तदाब वाढवते. पोटॅशियम फार उतरले की हृदयाची लय बिघडते. पोट साफ होण्यासाठी घेतलेली सोनामुखी इरिनोटेकॅन किंवा कॅपेसिटाबिनच्या जुलाबांत भर घालते, तेव्हाही हेच होते.

चौथा भार साखरेचा. केमोबरोबर स्टेरॉइड देतात, त्याने साखर चढते. घरचे घाबरून कारल्याचा रस, मेथी, जांभळाच्या बियांचे चूर्ण सुरू करतात. दोन-तीन दिवसांनी स्टेरॉइड थांबते, मळमळीमुळे जेवण कमी झालेले असते, मधुमेहाची गोळी चालू असते आणि रसही चालू असतो. मग साखर एकदम खाली येऊन रुग्णाला घाम फुटतो, चक्कर येते.

पाचवी गोष्ट जंतुसंसर्गाची. पांढऱ्या पेशी घटलेल्या दिवसांत गव्हांकुराचा कच्चा रस किंवा न उकळलेला पाल्याचा रस यांतून जंतू पोटात जातात. निरोगी माणूस ते पचवतो, हा रुग्ण पचवू शकत नाही.

पुडीत काय आहे?

परवाना असलेल्या कारखान्याच्या औषधावर घटक आणि परवाना क्रमांक छापलेला असतो. कागदाच्या पुडीवर काहीच नसते. पण छापील लेबल असले तरी डोळे झाकून विश्वास ठेवू नये. अमेरिकेतील बॉस्टन भागातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक घातक प्रमाणात सापडले. बिननावाच्या चूर्णांत स्टेरॉइड मिसळल्याचेही प्रकार उघडकीस आलेले आहेत. अशी पुडी घेतल्यावर भूक लागते, अंग हलके वाटते आणि लोकांचा विश्वास बसतो.

‘कॅन्सर हमखास बरा’ अशी जाहिरात दिसली तर सावध व्हावे. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार जाहिरात कायद्याप्रमाणे कॅन्सर बरा करण्याची जाहिरात करण्यास मनाई आहे. जो कायदा मोडून आपल्याकडे येतो, तो आपल्याला खरे सांगेल अशी अपेक्षा कशी ठेवावी?

हा आयुर्वेदाशी वाद नाही

नगरने आयुर्वेदाला मोठे योगदान दिले आहे. वैद्य गंगाधरशास्त्री गुणे यांच्या नावाचे येथील आयुर्वेद महाविद्यालय १९१७ पासूनचे. औषधींच्या गुणधर्मांवरील त्यांचा ग्रंथ वैद्य मंडळी आजही वापरतात. तेव्हा या गावात राहून आयुर्वेदाला नावे ठेवणे मला शोभणार नाही आणि तसा हेतूही नाही.

उलट आज जे सांगितले ते आयुर्वेदाला नवीन नाही. औषध मधातून द्यावे, तुपातून द्यावे की ताकातून, यावरून त्याचा गुण बदलतो. यालाच अनुपान म्हणतात. विरुद्ध आहाराचा विचार आयुर्वेदानेच केला. नीट योजलेले विषही औषध होते आणि वाईट रीतीने योजलेले औषधही विष होते, असे चरकसंहितेत सांगितले आहे. जाणकार वैद्य कॅन्सरच्या रुग्णाला आधी विचारतात, ‘सध्या कोणती औषधे चालू आहेत?’ जो हे न विचारता पुडी हातात देतो, तो वैद्य नव्हे. पुणे-नगर रस्त्यावर वाघोली येथे आयुर्वेद आणि आधुनिक उपचार यांचा एकत्र विचार करणारे कॅन्सर केंद्र आहे. म्हणजे दोन्ही शास्त्रांचे जाणकार एकमेकांशी बोलू शकतात. रुग्णाने मात्र दोघांनाही सर्व सांगितले पाहिजे.

पत्रलेखक वाचकांना माझा सल्ला असा. भाजी-आमटीतील हळद आणि मिरी आईंनी खुशाल खावी. स्वयंपाकातील हळद आणि कॅप्सूलमधील अर्क यांत मात्रेचे मोठे अंतर असते. कॅप्सूल आणि काढा आजच थांबवावा आणि टॅमॉक्सिफेन एक दिवसही चुकवू नये. पुढच्या तारखेला डॉक्टरांना काय घेतले, किती दिवस घेतले ते सांगावे आणि यकृताची रक्ततपासणी करावी का, हे विचारावे. डॉक्टर रागावले तर ऐकून घ्यावे, पण लपवू नये. माझ्या व्यवसायबंधूंनाही विनंती आहे. रुग्ण काढ्याचे नाव घेताच आपण अंगावर गेलो, तर तो काढा सोडत नाही, सांगणे सोडतो.

लक्षात ठेवण्याच्या गोष्टी

१. केमोथेरपी किंवा किरणोपचार सुरू होण्यापूर्वीच घरातील सर्व चूर्णे, काढे, अर्क, टॉनिके आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवाव्यात. नाव सांगता येत नसेल तर बाटलीच न्यावी.

२. एक वही ठेवावी. रोज काय घेतले ते तारखेसह लिहावे. वैद्य, गावातील डॉक्टर आणि कॅन्सरचे डॉक्टर या तिघांनाही तीच वही दाखवावी.

३. उपचार चालू असताना नवीन काहीही विचारल्याशिवाय सुरू करू नये. डॉक्टरांनी दिलेले औषधही आपल्या मनाने बंद करू नये.

४. शस्त्रक्रिया ठरली असेल तर अशी पूरक औषधे साधारणतः दोन आठवडे आधी थांबवावी लागतात. तारीख मिळताच विचारून घ्यावे.

५. रुग्णाच्या नकळत दुधातून किंवा पिठातून काही देऊ नये. मायेपोटी केलेले असले तरी, त्रास झाला तर कारण कोणालाच शोधता येत नाही.

६. डोळे किंवा लघवी पिवळी होणे, अंगाला खाज, हिरड्यांतून अगर शौचावाटे रक्त, न थांबणारे जुलाब किंवा १००.४ अंश फॅरनहाइट व त्यावर ताप असल्यास पुढच्या तारखेची वाट पाहू नये. त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे आणि काय काय घेतले ते तेथे सांगावे. प्लेटलेट घटल्या म्हणून पपईच्या पानांच्या रसावर विसंबून घरी थांबू नये.

७. कोणत्याही औषधाचा, आयुर्वेदिक असो वा अ‍ॅलोपॅथिक, दुष्परिणाम झाल्यास डॉक्टरांमार्फत किंवा १८००-१८०-३०२४ या नि:शुल्क दूरध्वनीवर त्याची नोंद करता येते.

भेटायला येणाऱ्या नातेवाइकांसही करण्यासारखे पुष्कळ आहे. पाणी उकळून देणे, ताजे शिजवलेले वरण-भात, अंडे, खिचडी असे पचेल ते थोडे थोडे खाऊ घालणे, घरातील तंबाखू बंद करणे, तपासणीची तारीख लक्षात ठेवणे, एसटीने सोबत जाणे. रुग्णाला याची गरज पुडीपेक्षा अधिक असते आणि यातले काहीही डॉक्टरांपासून लपवावे लागत नाही.